अंगठा आठला, शटर दहाला: कामाचे तास नक्की कोण मोजतं?

पळसपान | ७ सप्टेंबर २०२५, सकाळी ९:१२

काल अनंत चतुर्दशी. सोसायटीचा गणपती विसर्जन करून आलो, जेवलो, भांडीसुद्धा आवरून झाली, आणि त्यानंतर माझा धाकटा भाऊ कामावरून आला. पुण्यात एका इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुकानात तो विक्रीला आहे. दुकान एकाच मालकाचं, शाखा नाही, माणसं चौदा.

सकाळी पावणेदहाला अंगठा लावून आत. रात्री आठ वाजता सगळ्यांनी परत अंगठा लावायचा, असा नियम आहे. म्हणजे मशीनच्या मते आठला सुट्टी. पण त्यानंतरही गिऱ्हाईक असतं, मग स्टॉक जुळवायचा, कॅश मोजायची, डिस्प्लेचे टीव्ही झाकायचे. शटर खाली येईपर्यंत दहा. जेवायला तासभर मिळतो. गणपतीपासून दिवाळीपर्यंत आठवड्याची सुट्टी बंद, "नंतर बघू" या बोलीवर. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १८,७२०, शिवाय विक्रीवर थोडा इन्सेन्टिव्ह.

ओटीबद्दल, म्हणजे जादा कामाच्या पैशांबद्दल, विचारलं तर उत्तर ठरलेलं: "तू फ्लोअर मॅनेजर आहेस, मॅनेजरला ओटी नसतो." कार्डावर खरंच तसं छापलंय. त्याच्या हाताखाली एकही माणूस नाही.

त्यातच चार दिवसांपूर्वी बातमी आली की राज्य मंत्रिमंडळाने दुकानांत ९ ऐवजी १० तासांना मंजुरी दिली. भाऊ हसला. म्हणाला, "म्हणजे माझे तास कमी होणार की काय?"

जाणकारांनी सांगा, आज त्याचा हक्क नेमका किती? आणि तो मागायचा कसा?

---

चहाबाज | ७ सप्टेंबर, ९:४०

हक्क पुस्तकात आहे, पुस्तक कपाटात आहे, कपाटाची किल्ली मालकाकडे आहे. दुसरी नोकरी शोधायला सांगा.

---

कोर्टाची_पायरी | ७ सप्टेंबर, ११:०५

चहाबाज, तुमचं वाक्य झकास आहे, पण त्यातून पळसपान यांच्या भावाला काही मिळत नाही. आधी हिशेब मांडू.

दुकानाला लागू असलेला कायदा म्हणजे महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७. आजच्या, म्हणजे सप्टेंबर २०२५ च्या नियमांप्रमाणे दहा किंवा जास्त कामगार असतील तिथे तो पूर्ण लागू होतो. चौदा माणसं आहेत, म्हणजे आज लागू आहे. त्यात मर्यादा दोन आहेत आणि बहुतेकांना एकच ठाऊक असते: दिवसाला ९ तास आणि आठवड्याला ४८ तास. आता ९ गुणिले ६ करा, ५४ येतात. म्हणजे सहा दिवस चालणाऱ्या दुकानात रोज नऊ तास बसवताच येत नाहीत, सरासरी आठच पडतात. "कायद्यात नऊ तास आहेत" असं मालक ऐकवतो तेव्हा तो अर्धाच कायदा ऐकवत असतो.

भावाचे तास: पावणेदहा ते दहा, सव्वाबारा. त्यातून जेवणाचा एक वजा केला की सव्वाअकरा. आठवड्याला साडेसदुसष्ट. ४८ वजा केले की साडेएकोणीस तास जादा, आणि जादा कामाचा दर दुप्पट.

१८,७२० भागिले महिन्याचे २६ कामाचे दिवस, रोजचे ७२०. आठने भागून तासाला ९०, दुप्पट १८०. साडेएकोणीस तासांचे आठवड्याला ३,५१० रुपये. महिन्याला पंधरा हजारांच्या वर. सुट्टीच्या दिवशी केलेलं काम यात धरलेलंच नाही.

शिवाय तीन महिन्यांत जादा कामाची कमाल मर्यादा १२५ तासांची. या गतीने तो अडीचशेच्या पुढे जातो. आणि कामाला सुरुवात केल्यापासून घरी जाईपर्यंत, मधल्या सुट्ट्या धरूनसुद्धा, साडेदहा तासांहून जास्त वेळ अडकवून ठेवता येत नाही. त्याचे होतात सव्वाबारा.

गेलेली साप्ताहिक सुट्टी दोन महिन्यांच्या आत बदली रजा म्हणून द्यावी लागते. "नंतर बघू" ही मुदत कायद्यात नाही.

---

शाहूपुरीचा_दुकानदार | ७ सप्टेंबर, दुपारी १:३०

मालकांच्या बाजूनं कोणीतरी बोललं पाहिजे म्हणून लिहितोय. माझं कोल्हापुरात साड्यांचं दुकान आहे, सात माणसं. दुपारी एक ते चार रस्त्यावर कुत्रं नसतं. पोरं गादीवर आडवी होतात, मोबाईल बघतात, एकजण चक्क घरी जाऊन झोपून येतो. गिऱ्हाईक येतं संध्याकाळी सहानंतर आणि उठतं साडेनऊला. लग्नाचा बस्ता असला तर बाया शंभर साड्या बघून एक घेतात. अशा वेळी घड्याळ बघून "वहिनी, आमचे नऊ तास झाले" म्हणू काय? दुपारच्या झोपेचा पण डबल देऊ काय?

ऑनलाइनवाल्यानं आधीच मान मोडलीय. कायदा करणाऱ्यानं एक दिवाळी काउंटरला उभं राहून बघावं.

---

पळसपान | ७ सप्टेंबर, २:०२

दादा, तुमची अडचण खोटी नाही. पण तुमच्या पोरांना दुपारी आडवं तरी होता येतं. भावाच्या दुकानात बसायला खुर्ची नाही. गिऱ्हाईक नसलं तरी उभंच राहायचं, कॅमेऱ्यात दिसतं.

---

कोर्टाची_पायरी | ७ सप्टेंबर, २:४८

शाहूपुरीकर, दुपारी घरी जाऊन झोपून येणाऱ्याचा तो वेळ खरी विश्रांती आहे, कामाच्या तासांत मोजत नाहीत. साडेदहा तासांची अट त्यासाठीच आहे: मधे चार तास मोकळीक देऊन माणसाला सकाळी आठ ते रात्री दहा टांगून ठेवू नये. पण दुकानात बसवून "गिऱ्हाईक आलं तर ऊठ" म्हटलं, तर ते कामच.

आणि तुमच्याकडे सातच जण. २०१७ च्या कायद्यातल्या तासांच्या तरतुदी तुम्हाला लागूच नाहीत, फक्त सूचना देऊन पोच घ्यायची. तेव्हा एवढे तापू नका. :)

---

भोंगा | ७ सप्टेंबर, रात्री १०:१५

थोडं अवांतर, पण अगदीच अवांतर नाही.

माझे आजोबा लालबागला गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. आधी बदली कामगार, मग कायम. ते सांगायचे की भोंगा झाला की पाळी सुटली, हे अख्ख्या चाळीला कळायचं. आजी भोंग्यावर तवा चुलीवर ठेवायची. मालकाने पाळी लांबवली असती तर आधी आजीला कळलं असतं! कामाची वेळ उघड्यावर होती, सगळ्यांच्या कानांवर पडायची.

ती वेळ काही फुकट मिळाली नव्हती. १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी ॲक्टने फक्त लहान मुलांचे तास बांधले होते, तेही नऊ. मोठ्या माणसांना दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांना एकत्र केलं, सभा घेतल्या, अर्ज दिले, 'दीनबंधु' वृत्तपत्रातून लिहिलं. तेव्हा कुठे १० जून १८९० पासून मुंबईच्या गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली. पुढे १९२२ ला आठवड्याचे ६० तास, १९३४ ला ५४, आणि १९४६ ला ४८. ही शेवटची दुरुस्ती डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळत होते त्या काळातली. १९४८ च्या कारखाने कायद्याने तेच ४८ कायम ठेवले.

म्हणजे ६० वरून ४८ वर यायला चोवीस वर्षं लागली. आणि आता आपण परत वर चढायला निघालोय.

अंगठ्याचं मशीन बघितलं की मला भोंगा आठवतो. भोंगा सगळ्यांना ऐकू जायचा, मशीनमधला आकडा फक्त मालकाला दिसतो.

---

डबा_बाटली | ८ सप्टेंबर, १२:२०

भोंगा, शेवटच्या ओळीला +१.

आमच्याकडे हिंजवडीत अंगठाही नाही. "आउटपुटवर विश्वास." टाइमशीटमध्ये दिवसाला आठच तास भरता येतात, नऊ टाकले की लाल रेघ. मग रात्री साडेनऊला अमेरिकेचा कॉल, मुलीला मांडीवर झोपवत म्यूटवर बसायचं. माझं पद 'सीनियर कन्सल्टंट'. सल्ला आजवर कोणाला दिलेला नाही, कोड लिहिते.

आम्हाला हा कायदा लागू होतो का? की तो फक्त दुकानांचा?

---

जुना_इन्स्पेक्टर | ८ सप्टेंबर, ११:३५

कामगार खात्यात बरीच वर्षं काढली, आता निवृत्त आहे. तीन-चार गोष्टी सांगतो, क्रम लागेल तसा.

डबा_बाटली ताई, आस्थापना म्हणजे फक्त शटरवालं दुकान नव्हे. कायद्यातल्या 'कामगार' शब्दात अंगमेहनतीचं, कारकुनी, तसंच तांत्रिक काम करणारा येतो. पदाला काय नाव दिलंय यापेक्षा हात काय करतात ते बघायचं. पण आजवर माझ्या टेबलावर सॉफ्टवेअरवाल्याचा ओटीचा अर्ज एकही आला नाही हे खरं. नोकरी सोडल्यावर रिलीव्हिंग लेटर अडकलं की मात्र येतात.

आता 'फ्लोअर मॅनेजर'. कलम ३ प्रमाणे गोपनीय, व्यवस्थापकीय किंवा पर्यवेक्षी स्वरूपाच्या जागेवरच्या माणसाला हा कायदा लागू नाही. यावर सगळे मालक उड्या मारतात. पुढची ओळ कोणी वाचत नाही: अशा लोकांची यादी आस्थापनेच्या संकेतस्थळावर लावायची, संकेतस्थळ नसेल तर दुकानात ठळक जागी लावायची, आणि तिची प्रत सुविधाकाराला पाठवायची. (आम्हाला २०१७ नंतर सुविधाकार म्हणतात. निरीक्षक हा शब्द उद्योगांना बोचत होता.) पळसपान, भावाला विचारा, यादी भिंतीवर आहे का? चौदापैकी किती 'मॅनेजर' आहेत तेही मोजायला सांगा. मी एका ठिकाणी अकरापैकी नऊ बघितले होते. उरलेले दोघे चहा आणणारे.

माणूस ठेवता-काढता येतो का, कोणाची रजा मंजूर करता येते का, हे तो करत नसेल तर कार्डावर काहीही छापा, कोर्ट कामाकडे बघतं.

पुराव्याचं बोलू. खटला हरतो तो कायद्यामुळे नाही, हजेरीमुळे. मस्टर मालकाचं, मशीन मालकाचं. त्यात आठ लिहिलंय म्हणजे आठ. म्हणून स्वतःची वही ठेवायची. रोजची तारीख, आत गेल्याची वेळ, बाहेर पडल्याची वेळ, त्या दिवशी उशिरा काय काम केलं ते एका ओळीत. आठवड्याच्या शेवटी आठवून लिहिलेली वही लगेच ओळखू येते, सगळीकडे एकच शाई आणि एकच घाई. आणि एक लक्षात ठेवा, दुकान उशिरा बंद झाल्याचा पुरावा दुकानातच तयार होत असतो. शेवटच्या बिलावर वेळ असते. शोधायला लावा.

आता मंत्रिमंडळाच्या निर्णयाचं. मंजुरी म्हणजे कायदा नव्हे, राजपत्रात आल्याशिवाय मालकाचं "आता दहा तास झालेत" ऐकू नका. त्यात दुकानांसाठी ९ चे १० तास, तीन महिन्यांच्या ओटीची मर्यादा १२५ वरून १४४, कारखान्यांत ९ चे १२ तास आणि ओटी ११५ वरून १४४ असं आहे. सगळे त्या दहा आणि बारावर चिडलेत. मला त्याहून मोठी गोष्ट दिसते ती कोणी बोलत नाही: कायदा लागू व्हायचा आकडा १० वरून २० होणार. पळसपान, तुमच्या भावाच्या दुकानात चौदा माणसं. त्याला नऊ की दहा हा प्रश्नच उरणार नाही, तो कायद्यातूनच बाहेर पडेल. महाराष्ट्रातली बाजारपेठ डोळ्यांसमोर आणा, दहा ते एकोणीस माणसांची दुकानं, क्लिनिक, ट्रॅव्हल ऑफिस, हॉटेलं किती असतील.

---

चहाबाज | ८ सप्टेंबर, दुपारी १२:१०

म्हणजे सरकारला वाटेल तेव्हा वाटेल तो आकडा. मी काय म्हणत होतो?

---

कोर्टाची_पायरी | ८ सप्टेंबर, १:२५

वाटेल ते चालत नाही. २०२० मध्ये कोविडच्या नावाखाली गुजरात सरकारने अधिसूचना काढून कारखान्यांत बारा तास काम आणि जादा तासांना साधाच दर, असं केलं होतं. गुजरात मजदूर सभा ही कामगार संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. १ ऑक्टोबर २०२० ला न्यायालयाने अधिसूचना रद्द केली आणि तेवढ्या काळातला ओटी कायद्यातल्या दराने द्यायला लावला. महामारी ही काही कारखाने कायद्यातली 'सार्वजनिक आणीबाणी' नव्हे, म्हणाले.

अर्थात विधिमंडळाने रीतसर कायदाच बदलला तर गोष्ट वेगळी. तेव्हा भांडण 'संमती' या शब्दावर येईल. जादा कामाला कामगाराची लेखी संमती हवी म्हणतात. ज्याला उद्या कामावरून काढता येतं त्याच्या संमतीला किती अर्थ आहे, हे डोकं शांत असताना विचार करण्यासारखं आहे. मी नेमणूकपत्रातच "जादा कामास माझी कायमची संमती आहे" असं छापलेलं पाहिलंय.

---

राईनकाठ | ८ सप्टेंबर, ४:५०

जर्मनीतून. इथेही दिवसाचे आठच तास. दहापर्यंत नेता येतात, पण सहा महिन्यांची सरासरी आठवर आणावी लागते. मला सगळ्यात आवडलेला नियम वेगळाच आहे: आज काम संपल्यापासून उद्या सुरू होईपर्यंत सलग ११ तास विश्रांती. रात्री दहाला लॅपटॉप मिटला तर सकाळी नऊच्या आधी उघडायचा नाही. पहिल्या वर्षी मी हौसेने रात्री अकराला मेल पाठवायचो, वर्क्स कौन्सिलच्या (कंपनीतली कामगारांनी निवडलेली समिती) बाईंनी बोलावून झापलं. मला वाटलं होतं कौतुक होईल.

आणि जुना_इन्स्पेक्टर म्हणतात तेच इथे कोर्टाने म्हटलंय. युरोपच्या न्यायालयाने २०१९ मध्ये आणि मग इथल्या कामगार न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं की तासांची नोंद ठेवणं मालकाचं कर्तव्य आहे. नोंद नसेल तर मर्यादेला अर्थ नाही.

---

डबा_बाटली | ८ सप्टेंबर, ५:१५

११ तास विश्रांती!! माझ्या मॅनेजरला ही पोस्ट भाषांतर करून पाठवते. रात्री साडेअकराला पाठवेन, तो जागाच असतो.

आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ च्या डिसेंबरात 'कामाबाहेर फोन न उचलण्याचा हक्क' असं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं. तेव्हा ऑफिसात सगळ्यांनी ते हसण्यावारी नेलं. मीही.

---

सत्तर_तासवाला | ८ सप्टेंबर, ६:४०

जर्मनी महायुद्धानंतर राबली म्हणून आज आराम करते. आपला देश घडायचाय अजून. तरुणांनी आठवड्याला सत्तर तास काम केलं तर काय बिघडतं?

---

भोंगा | ८ सप्टेंबर, ७:०२

पळसपान यांचा भाऊ साडेसदुसष्ट करतोच आहे. उरलेल्या अडीच तासांत देश घडत असेल तर सांगतो त्याला.

---

पळसपान | ८ सप्टेंबर, रात्री ११:२०

सगळ्यांचे आभार. भावाला वाचून दाखवलं. भिंतीवर यादी नाही, लक्ष्मीचा फोटो आणि जीएसटीचं प्रमाणपत्र आहे. 'मॅनेजर' चौदापैकी सहा.

वही आजपासून सुरू. पण दिवाळी होईपर्यंत तो तोंड उघडणार नाही म्हणतोय, इन्सेन्टिव्ह अडकेल. मी आग्रह केला नाही.

---

पळसपान | १४ डिसेंबर २०२५, सकाळी १०:३०

धागा वर काढतेय.

भावाने भाऊबीज झाल्यावर नोकरी सोडली. ऑक्टोबरचा पगार आणि इन्सेन्टिव्ह मालकाने अडकवला, "हिशेब बघून कळवतो". मग आम्ही सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज दिला. तारीख लागली. मालक मस्टर घेऊन आला, सगळीकडे आठ वाजता सुट्टी. वही बघून म्हणाला, घरी बसून कोणीही लिहील.

तेव्हा भावाला आठवलं. दुकानाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. मालकाचाच नियम होता की शटर ओढल्यावर कॅशचा आणि कुलपाचा फोटो ग्रुपवर टाकायचा. आणि फोटो टाकायची पाळी बहुतेक रात्री 'फ्लोअर मॅनेजर'ची. ९:५२, १०:०७, १०:३१, धनत्रयोदशीला ११:४८. खाली मालकाचा अंगठा. 👍 वहीतल्या वेळा आणि फोटोंच्या वेळा ओळीने जुळत गेल्या. साहेबांनी फोन हातात घेऊन बराच वेळ नुसतं वर-खाली केलं.

शेवटी तडजोड झाली. अडकलेला पगार पूर्ण, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या जादा तासांचे ठरवून एकरकमी पैसे. हिशेबाने निघत होते त्याच्या निम्म्याहून थोडे जास्त. कोर्टात गेलो असतो तर पूर्ण मिळाले असते असं एकजण म्हणाला. भावाला नव्या ठिकाणी रुजू व्हायचं होतं, त्याने सही केली. मला आत कुठेतरी खटकलंय, पण पैसे त्याचे.

नवीन संहिता आल्यात म्हणे, त्याने काही फरक पडला असता का?

---

कोर्टाची_पायरी | १४ डिसेंबर, १२:१५

निम्म्याहून जास्त, दीड महिन्यात, वकिलाची फी न भरता. मी माझ्या धंद्याच्या विरुद्ध बोलतोय, पण वाईट नाही.

चारही श्रम संहिता, म्हणजे जुने कामगार कायदे एकत्र करून केलेले नवे कायदे, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाले. भावाने आधी सोडलं, त्यामुळे त्याचं थोडक्यात हुकलंच. वेतन संहितेत राजीनामा दिला तरी दोन कामाच्या दिवसांत सगळे पैसे द्यायचे आहेत. जुन्या कायद्यात ही घाई फक्त मालकाने काढलं तरच होती. दाव्याची मुदतही आता तीन वर्षं, आधी वेतन प्रदान कायद्यात बारा महिने होती. नेमणूकपत्र सगळ्यांना सक्तीचं. जादा कामाचा दर दुप्पटच आहे, तो कोणी हलवलेला नाही.

---

जुना_इन्स्पेक्टर | १४ डिसेंबर, १:४०

शाब्बास. फोटोचं मला सुचलं नव्हतं, मी बिलांतच अडकलो होतो. दुकानात उरलेल्या पोरांना सांगा, ते फोटो फोनमधून कुठेतरी दुसरीकडे उतरवून ठेवा. फोन बदलला, ग्रुपमधून काढलं की गेलं सगळं.

---

पळसपान | १४ डिसेंबर, ३:०५

उशीर झाला. भावाच्या जुन्या मित्राचा आत्ताच फोन आला होता. ग्रुप डिलीट. आता शटर ओढल्यावर मालकाला फोन करून नुसतं "बंद केलं" सांगायचं.

---

चहाबाज | १४ डिसेंबर, ३:११

फोन केला की वेळ फोनमध्ये राहतेच की. मित्राला सांगा, रोज मनापासून फोन कर.